माळावरचे जुने ट्रक शोधताना

अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेताच्या कडेला किंवा धान्याच्या कोठारामागे गवतात रुतलेला एखादा जुना पिकअप ट्रक हमखास दिसतो. नवा ट्रक आला की जुना बांधाला लावून ठेवायचा आणि गरज पडेल तसे त्याचे सुटे भाग काढायचे, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी रीत. असे ट्रक हुडकून ते पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींची संख्या तेथे मोठी आहे.

शोध प्रामुख्याने असतो तो युद्धोत्तर ट्रकचा. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत त्याआधीची असंख्य वाहने भट्टीत गेली. युद्धानंतर शेवरोलेने १९४७ मध्ये, तर फोर्डने १९४८च्या ‘एफ’ मालिकेतून नव्या घडणीचे ट्रक आणले. (शेवरोले हे नाव मुंबईलाही जुने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती.) शेवरोलेचे वर्ष ओळखणे फारसे अवघड नाही. पुढची काच दोन तुकड्यांची आणि जाळीत पाच आडव्या पट्ट्या असतील, तर ट्रक १९५३ पर्यंतचा. १९५४ मध्ये काच अखंड झाली आणि जाळीही बदलली. दारात छोटी त्रिकोणी काच असेल, तर तो १९५१ किंवा त्यानंतरचा.

ट्रक कोणत्या प्रांतात उभा होता, यावर पुष्कळ काही ठरते. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खालून पोखरते. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत उन्हाने रंग, रबर व आसने जातात. पण लोखंड शाबूत राहते. नवखा ग्राहक रंगावर आणि इंजिनावर भाळतो. जाणकार आधी चासीखाली वाकून पाहतो, केबिनचे खालचे कोपरे ठोकून पाहतो. अडकलेले इंजिन सिलिंडरमध्ये तेल सोडून, काही दिवस धीर धरल्यास अनेकदा सुटते. सडलेली चासी मात्र खिसा रिकामा करते.

खरी अडचण असते ती कागदपत्रांची. बेवारस दिसणारा ट्रक बेवारस नसतो. जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय जमीन एकाची आणि ट्रक दुसऱ्याचा, असेही घडते. वाहनांवरील सतरा अक्षर-अंकी ओळखक्रमांक १९८१ पासून सर्वत्र सारखा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. काही राज्ये तर इंजिनाचाच क्रमांक कागदावर नोंदवीत. मधल्या काळात इंजिन बदलले गेले असेल, तर कागद एक सांगतो आणि ट्रक दुसरेच. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी क्रमांक पडताळून घेणे आणि विक्रीचा लेखी करार करणे अगत्याचे. मूळ मालकीपत्र हरवले असल्यास काही राज्ये हमीच्या रकमेवर नवे देतात; नियम मात्र राज्यागणिक वेगळे.

पुष्कळदा मालक विकायलाच तयार नसतो. ट्रक वडिलांचा असतो, कधीतरी मुलगा दुरुस्त करील अशी आशा असते. वर्षे जातात, मालक वारतो, शेताचा लिलाव पुकारला जातो. तेव्हा त्याच ट्रकवर हौशी मंडळींबरोबर भंगारवालाही बोली लावतो आणि मालकीपत्र कुठल्या खणात ठेवले होते, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते.