कानावरून पानावर

तिसरीतलं मूल धडा वाचतं. बोट अक्षराखालून सरकतं, जोडाक्षरापाशी अडतं, सुटतं, ओळ संपते. बाई विचारतात, "गावाला कोण गेलं होतं?" मूल पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागतं. सगळी शक्ती अक्षरं फोडण्यातच गेलेली असते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंतलं एक शून्य झालं की उत्तर शून्य. आपण उकलीवर वर्षानुवर्षं घाम गाळतो आणि समज आपोआप येईल असं धरून चालतो.

खराडीत ती आपोआप येत नाही. नदीकाठचं हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. पुढे आयटी पार्क आले आणि त्यांच्या मागोमाग बांधकामावरची, सफाईची, पहाऱ्याची कामं करणारी कुटुंबं. पत्र्याच्या खोल्यांतून शाळेत येणारं मूल घरी मराठवाडी, वऱ्हाडी, गोरमाटी किंवा हिंदी बोलतं. पुस्तकात 'झाले' असतं, कानावर 'झालं' पडतं. पुस्तकात 'आलो आहे', तोंडात 'आलोय'. खरं तर पुस्तकी मराठी कुणाच्याच घरची बोली नाही. पण ज्या घरात रात्री गोष्ट वाचून दाखवली जाते, तिथल्या मुलाच्या कानाला तिची चाल ओळखीची असते. बारा तासांची पाळी करून आलेल्या आईबापांकडून हेही मागणं मला अन्यायाचं वाटतं. ते शाळेनं करावं, आणि त्यासाठी ऑडिओबुक हाताशी आहे.

ऐकून शिकणं आपल्याला परकं नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' प्रकरणांत नव्हे, रात्रींत विभागलेली आहे. अशा ४२ रात्री. आश्रमातले सवंगडी जमतात, श्याम सांगतो, ते ऐकतात, बोलतात. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा विदर्भात 'प्रथम' संस्थेच्या सहभागानं आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, आणि साध्या रेडिओवरून घराघरांत अभ्यास पोचला.

मात्र स्पीकर लावून हजेरीपट भरत बसलं, तर मुलं पाच मिनिटांत खिडकीबाहेर असतात. कस लागतो तो थांबण्याची जागा निवडण्यात. सहा-सात मुलांचा गोल, प्रत्येकाच्या हातात तीच गोष्ट, आवाजाबरोबर सरकणारं बोट, आणि आठ-दहा मिनिटांचाच तुकडा. तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते, तिथे थांबावं. "आई रागावली का नाही?" एवढंच विचारावं आणि गप्प राहावं. ही शांतता शिक्षकाला फार जड जाते, पण ती सोसावी. एक म्हणेल, तिला घाई होती. दुसरी म्हणेल, माझी आई रागावली असती. तिसऱ्यानं "पुस्तकात तसं नाहीये" म्हटलं, की "कुठं नाहीये, दाखव" म्हणावं. मग पोरं पान उलटून ओळ शोधू लागतात. वाचायला कुणी सांगितलेलं नसतं. मुद्दा जिंकायचा असतो. पहिलं उत्तर आपल्या बोलीत आलं तरी ते मध्येच दुरुस्त करू नये. बोलीत नीट मांडलेला विचार पुढे लिहिण्यात उतरतो. तोडलेला विचार तिथेच संपतो.

गोष्टींचा तुटवडा नाही. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी मोफत वाचायला मिळतात. बाईंनी त्या फोनवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या तरी पुरे. एखाद्या मुलाची आजी गोरमाटीत गोष्ट सांगत असेल तर तीही घ्यावी. वर्गानं ती ऐकून मराठीत सांगावी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी: चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांसाठी गोष्ट ध्वनिमुद्रित करायची. एरवी तोच उतारा दुसऱ्यांदा वाच म्हटलं की तोंड वाकडं होतं. इथे मुलं आपणहून पंखा बंद करतात, दार लावतात, फोनभोवती डोकी जमतात. एक वाचतो, बाकीचे श्वास रोखून पानावर नजर ठेवतात. मग कुणीतरी म्हणतं, "थांब, 'म्हणाली' आहे, तू 'म्हणाला' वाचलंस. परत."