चेहरा ओळखीचा, नाव मात्र आठवेना

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी परीक्षेला बसलेली मुले-मुली आता पासष्टीपलीकडे गेली आहेत आणि त्यांच्यामागच्या काही तुकड्या साठीच्या उंबरठ्यावर आहेत. व्हॉट्सॲपचे गट झाले, २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, तसे जुन्या वर्गमित्रांचे मेळावे सोपे झाले. डहाणू आणि तलासरीतही असे मेळावे भरतात. त्यात हार, सत्कार, भाषणे आणि जेवण असतेच. पण आरोग्याच्या दृष्टीनेही या एका दिवसात पाहण्यासारखे बरेच असते.

मेळाव्यात सर्वांत आधी फजिती होते ती नावांची. समोरचा चेहरा लगेच ओळखू येतो, तो कोणत्या बाकावर बसायचा हेही आठवते, नाव मात्र ओठांवर येत नाही. साठीतला माणूस मग घाबरतो, ‘स्मृतिभ्रंशाची ही सुरुवात तर नव्हे?’ बहुतेकदा ती नसते. १९७५ मध्ये अमेरिकेत बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १७ ते ७४ वर्षांच्या ३९२ माजी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. शाळा सोडून ३५ वर्षे झालेल्यांनीही वर्गमित्रांचे दहापैकी सुमारे नऊ चेहरे बरोबर ओळखले. मदतीशिवाय नावे सांगताना मात्र ते खूपच मागे पडले. पाहून ओळखणे आणि स्वतःहून आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे जास्त अवघड आहे. त्यामुळे छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लावण्यात कमीपणा नाही. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांचे साधे हिशेब न जमणे. सोबत्याच्या बाबतीत असे दिसले तर चारचौघांत थट्टा करू नये. घरच्यांना बाजूला घेऊन सांगावे आणि डॉक्टरांना दाखवायला लावावे.

मैत्रीचा आयुष्याशी संबंध आहे, हेही आता नुसते सुभाषित राहिलेले नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची जगण्याची शक्यता एकाकी लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त आढळली. यात एक मेख आहे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणूनही तो एकाकी होतो. कारण आणि परिणाम इथे एकमेकांत गुंतलेले असतात. शिवाय हा फायदा टिकून राहिलेल्या नात्यांचा आहे. वर्षातून एकदा गळाभेट घेऊन काढलेल्या फोटोचा नाही.

म्हणूनच मेळाव्याला कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. निमंत्रणाची यादी बहुधा दहावीच्या निकालावरून तयार होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र कित्येक मुलांची शाळा सातवी-आठवीतच सुटली. कोणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, कोणी गुजरातच्या मासेमारी बोटीवर खलाशी झाला, कोणा मुलीचे लग्न झाले. निकालाच्या यादीत ही नावे सापडत नाहीत; जुन्या हजेरीपटात सापडतात. लग्नानंतर मुलींची आडनावे बदलतात, तेव्हा गाव आणि पाडा यांवरून शोध घ्यावा. सगळ्यांकडे व्हॉट्सॲप नसते. आठवडे बाजारात दिलेला निरोप मात्र पोहोचतो.

तारखेचेही तसेच. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकरांना सोयीचे पडते, पण दिवाळीनंतर भट्टीवर निघायची घाई इकडे तेव्हाच असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पावसाच्या तोंडावर भट्ट्याही बंद होतात. जूनचा पहिला आठवडा असा, की बरेच जण गावी परतलेले असतात, भाताची घाई सुरू व्हायची असते आणि शाळेचे वर्गही रिकामे असतात. उकाडा असतो, त्यासाठी सावली आणि भरपूर पाणी ठेवावे.

न येण्यामागे कधी कधी आजारही असतो. कानांना नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस गर्दी टाळतो. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी परतायची भीती वाटते. गुडघे दुखतात. कोणाला ताडी-दारूच्या सवयीची लाज वाटते, कोणाला फाटक्या परिस्थितीची. वर्गणी ऐच्छिक ठेवली आणि ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न सर्वांसमोर विचारला नाही, तर यातले काही जण नक्की येतील.

प्रत्यक्ष त्या दिवशी काही पथ्ये हवीत. भाषणे लांबतात आणि पान दुपारी तीनला वाढले जाते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर रक्तातील साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या गडबडीत चुकवू नये. तीस वर्षे मैदान न पाहिलेल्याने आग्रहाखातर कबड्डी खेळू नये. दारू पिऊन समुद्रात उतरणे तर कोणत्याच वयात नको.

दिवंगत सोबत्यांची नावे वाचून दोन मिनिटे उभे राहण्याची प्रथा चांगली आहे. त्यापुढे एक पाऊल टाकता येईल. यातले काही जण पन्नाशीतच गेलेले असतात, आणि त्यामागे कधी तपासलाच न गेलेला रक्तदाब किंवा मधुमेहही असू शकतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आयोजकांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवले, तर मेळाव्याच्या ठिकाणीच ती करता येईल का, हे ठरवता येते. ज्यांचे आकडे वाढलेले निघतील, त्यांना नुसता कागद देऊन पाठवू नये. त्याच गावाजवळच्या एका वर्गमित्राने पुढच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात घेऊन जायचे, असे जागेवरच ठरवावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला सोबत कोणी नाही, म्हणून वर्षानुवर्षे ती पुढे ढकलणारी माणसे आहेत. अशा वेळी जुना बाकावरचा सोबती भावापेक्षा कमी नसतो.