घाटातला वेग वळणाआधीच आवरा

पावसाळा सुरू झाला, की पुणे-मुंबईच्या पर्यटकांची पावले ताम्हिणी घाटाकडे वळतात. मुळशी धरणाच्या परिसरातून जाणारा हा रस्ता सह्याद्री ओलांडून कोकणात माणगावकडे उतरतो. एका बाजूला धबधबे, दुसऱ्या बाजूला खोल दरी, असे त्याचे रूप. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये याच घाटात वऱ्हाडाची खासगी बस वळणावर उलटून ५ जणांना प्राण गमवावे लागले. घाटातील सुरक्षिततेचे पहिले सूत्र म्हणूनच असे, की वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी करावा.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. वळणाआड सायकलस्वार दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सहज निघून जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतर वाहन थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. उतार आणि ओला रस्ता त्यात आणखी भर घालतात. त्यामुळे समोर जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा.

ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरणेही धोक्याचे. एक हजार किलो वजनाची मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिने सुमारे १५ लिटर पाणी उकळू शकेल. ही सारी उष्णता ब्रेकवर आली, तर त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास बराच भार इंजिन पेलते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास हा आधार नाहीसा होतो. इंजिन बंद केल्यास ब्रेक आणि स्टिअरिंगही जड होतात.

सायकलस्वारांनी दोन्ही ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर हळूहळू दाबावेत. वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास चाक घसरते. ओली पाने, शेवाळ आणि रस्त्यावरील रंगाचे पट्टे टाळावेत. हेल्मेट, भडक रंगाचे कपडे आणि मागचा लाल दिवा आवश्यक आहे. धुक्यात तो दिवसाही लावावा.

चालकांनी सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे. पुढचा रस्ता दिसत नसेल, तर मागेच थांबावे. अंध वळणावर हॉर्न वाजवावा. धुक्यात प्रखर दिव्याचा प्रकाश परतून डोळ्यांवर येतो, म्हणून दिवे खाली झुकवावेत. रस्ता पुरेसा रुंद नसेल, तेथे उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

धबधबा पाहण्यासाठी वळणावर किंवा दरडीखाली वाहन उभे करू नये. घाट उतरायला दहा मिनिटे जास्त लागली, तरी बिघडत नाही. वळणापलीकडे कोण आहे, हे मात्र वळल्यावरच कळते.