पिचरच्या मागे उभा असलेला माणूस
बेसबॉलमध्ये पिचर 60 फूट 6 इंचांवरून चेंडू फेकतो, तोही कोपरातून झटका देत. मोठा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर येतो. तो फाटला की शस्त्रक्रिया आणि वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ मैदानाबाहेर. अमेरिकी कॉलेजांत पिचिंग कोचची कसोटी लागते ती इथेच. अठरा-वीस वर्षांच्या पोराला फक्त वेग हवा असतो. किती चेंडू झाले, हात दमून खाली येतोय का, यावर डोळा ठेवतो तो कोच. शिवणीवरचं बोट जरासं सरकवलं तरी चेंडूचं वळण बदलतं, तेही तोच हातात चेंडू धरून दाखवतो. बऱ्याच संघांत पुढचा चेंडू कोणता, हेसुद्धा तोच डगआउटमधून कळवतो.

पिचिंग कोच वेस जॉन्सनने 2022 च्या जूनमध्ये, ऐन हंगामात, मिनेसोटा ट्विन्स हा व्यावसायिक संघ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठ गाठलं. कॉलेजांत या पदाला किती मोल आलंय, ते यावरून कळावं. हवाई दलाच्या अकादमीतून आलेला पिचर पॉल स्कीन्स तिथे त्याच्या हाताखाली खेळला. पोरगा मुळातच दांडगा, सगळं श्रेय कोचचं नव्हे. पण 2023 मध्ये स्कीन्सने 209 फलंदाज स्ट्राइकआउट करून बाद केले आणि संघ ओमाहातल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरला. पुढच्याच महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिलं नाव त्याचंच घेतलं.