शस्त्रक्रियेआधीची दहा मिनिटे

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगावर केलेला हा प्रयोग. औषध साधे, दाताच्या डॉक्टरकडेही मिळणारे: भूल देणारे लिडोकेन. गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे ते गाठीभोवती टोचायचे, बस.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील ११ केंद्रांत १६०० महिलांवर चाचणी झाली. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के महिला पाच वर्षांनी हयात होत्या. न मिळालेल्यांत ८६.४ टक्के. फरक लहान दिसतो, पण १०० रुग्णांमागे जवळपास चार बाया वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. संशोधकांचे म्हणणे असे की, शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोगाच्या पेशी निसटून शरीरात पसरू शकतात. लिडोकेन त्यांच्यावरचे सोडियमचे मार्ग रोखते आणि पसरण्याला आळा बसतो.

निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिडोकेनचे इंजेक्शन शंभर रुपयांच्या आत येते.

घरात कुणाची स्तनाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सर्जनना या इंजेक्शनबद्दल आधीच विचारा.