चिंचिलाचं खेळणं: आधी पोटाचा विचार

चिंचिला हा मूळचा चिलीतल्या अँडीज डोंगरांतला, थंड आणि कोरड्या खडकांत राहणारा प्राणी. मॅथायस चॅपमन यांनी १९२३ साली मोजके चिंचिला अमेरिकेत नेले. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. नीरेकाठच्या सांगवीत असं पिल्लू पाळायचं, तर खेळण्यांबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चिंचिला ज्याच्याशी खेळतो ते कुरतडतो आणि कुरतडलेल्यातलं थोडं गिळतोही. त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे त्याचं खेळणं खाण्याच्या कसोटीवरच पारखावं लागतं.

गैरसमज: पिल्लू लहान आहे, तोवर मऊ कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं खेळणं बरं.
वस्तुस्थिती: चिंचिलाची मादी सुमारे १११ दिवस गाभण असते. म्हणून पिल्लू जन्मतःच अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन येतं. काही दिवसांतच ते दिसेल ते कुरतडू लागतं. प्लॅस्टिकचे तुकडे, कापडाचे धागे, सुतळी किंवा नायलॉनची दोरी पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. फेविकॉलने चिकटवलेलं, रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको. काड्या टांगायच्या असतील तर स्टेनलेस स्टीलची तार वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार नको, कारण चाटून-कुरतडून पोटात गेलेलं जस्त विषारी ठरतं.

गैरसमज: झाडाची फांदी नैसर्गिक असते, म्हणजे कुठलीही चालते.
वस्तुस्थिती: कण्हेर पानापासून खोडापर्यंत विषारी आहे. घाणेरी आणि रुईही दूरच ठेवाव्यात. बांधावरच्या सुबाभळीच्या पाल्यात आणि बियांत मिमोसिन असतं. रवंथ न करणाऱ्या जनावरांचे त्याने केस गळतात, म्हणून तिची फांदीही टाळावी. आंबा, लिंबू, संत्रं यांचं लाकूडही या प्राण्याला देत नाहीत.

पेरू, तुती आणि द्राक्षवेलीच्या काड्या चालतात. पण बारामती-इंदापूर भागात झाडाच्या जातीइतकाच फवारणीचा प्रश्न मोठा आहे. छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग फुकट मिळतात खरे, पण त्यांनी हंगामभर बोर्डो मिश्रण आणि बुरशीनाशकं अंगावर घेतलेली असतात. त्यापेक्षा औषध न मारलेल्या परसातल्या पेरूची काडी बरी. रेशीमकिडे पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडची तुती मागावी. कीटकनाशकाने किडे मरतात, म्हणून ती बाग फवारणीपासून जपलेली असते. तरीही विचारून खात्री करावी.

काडी बोटाएवढी जाड घ्यावी, ब्रशने घासावी, पाण्यात उकळावी आणि पार वाळू द्यावी. ओली, बुरशी आलेली किंवा डिंक सुटलेली काडी टाकून द्यावी.

गैरसमज: उसाचं कांडं हे तयार खेळणंच आहे.
वस्तुस्थिती: साखर कारखान्यांच्या मुलखात हा मोह होणारच. पण चिंचिलाचं आतडं रुक्ष, तंतुमय चाऱ्यासाठी घडलेलं आहे. साखरेने आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बिघडतं आणि पोट फुगतं. हे फुगणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: लाकूड दिलं की दातांची काळजी मिटली.
वस्तुस्थिती: चिंचिलाचे सगळे, म्हणजे वीसही दात आयुष्यभर वाढतात. लाकडाने मुख्यतः पुढचे दात झिजतात. दाढा झिजतात त्या गवत तासन्‌तास चघळल्याने. टिमोथीसारखं वाळलेलं गवत पिंजऱ्यात अहोरात्र हवं. गोठ्यातला लसूणघास वाढत्या पिल्लाला वाळवून थोडा चालतो. पण त्यात कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्या चिंचिलाचा तो रोजचा चारा नव्हे.

गैरसमज: दुकानातलं छोटं जाळीचं चाक पिल्लाला पुरतं.
वस्तुस्थिती: जाळीत किंवा गजांत पाय अडकून मोडतो आणि लहान चाकात पाठीला बाक येतो. चाक अखंड पृष्ठभागाचं आणि किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचं असावं. प्लॅस्टिकचा बंद गोळा तर नकोच, कारण आत हवा कोंडते आणि उष्णता साठते. पिंजऱ्यातल्या फळ्या सुरुवातीला खालीच बसवाव्यात. पिल्लू उंच उडी मारतं, पण पडण्याचा अंदाज त्याला आलेला नसतो.

गैरसमज: उन्हाळ्यात कूलर लावला की झालं.
वस्तुस्थिती: चिंचिलाच्या एकेका केसमुळातून पन्नासच्या वर केस उगवतात आणि त्याला घाम येत नाही. म्हणून नुसत्या पंख्याचा उपयोग जवळजवळ नाही. कूलर हवा दमट करतो आणि ही दाट लव दमटपणा सोसत नाही. त्याला १५ ते २१ अंश मानवतं. २७ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका असतो. सांगवीचा मे महिना चाळिशीला टेकतो, तेव्हा एसी आणि वीज गेल्यावरची सोय या दोन्हींचा हिशेब पिल्लू आणण्याआधीच करावा. ही सोय नसेल तर चिंचिला आणू नये. सोय असेल तर पिंजऱ्यात कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. त्यावर तो गार पडून राहतो. एसीला तो पर्याय मात्र नाही.

नवं खेळणं दिल्यावर पुढचे एक-दोन दिवस लेंड्यांवर नजर ठेवावी. त्या कमी किंवा बारीक झाल्या, पिल्लाने गवत सोडलं किंवा हनुवटी लाळेने भिजली, तर घरगुती उपाय करत बसू नये. अशा छोट्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावं. असा डॉक्टर कोण आणि कुठे, हे खेळणी घेण्याआधी विचारून ठेवावं.