विभाजित डीएनएस (लिनक्स)

विभाजित डीएनएस ही नावावरून आयपी पत्ता शोधताना नावागणिक वेगळ्या सर्व्हरकडे विचारणा करण्याची पद्धत आहे. लोहाऱ्यातील घरून पुणे व मुंबई येथील दोन कार्यालयांचे व्हीपीएन एकाच वेळी वापरणाऱ्यास तिची गरज भासते. कारण एका कार्यालयाची अंतर्गत नावे दुसऱ्याच्या सर्व्हरला ठाऊक नसतात.

लिनक्समध्ये सर्व्हरचे पत्ते परंपरेने ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहितात. त्यांपैकी पहिले तीनच सहसा विचारात घेतले जातात. दोन्ही व्हीपीएनचे पत्ते तेथे एकाखाली एक लिहिले की काम भागते, हा समज चुकीचा आहे. दुसरा सर्व्हर केवळ राखीव असतो. पहिल्याकडून उत्तरच न आल्यास त्याची पाळी येते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेही उत्तरच असल्याने शोध तेथेच थांबतो.

सिस्टमडी-रिझॉल्व्ड ही सेवा प्रत्येक जोडणीचे सर्व्हर स्वतंत्र ठेवते आणि संगणकावरील प्रोग्रॅमांची विचारणा १२७.०.०.५३ या पत्त्यावर स्वीकारते. जोडणीला ‘~’ चिन्हासह डोमेन नेमून दिले की त्या डोमेनमधील नावे तिच्याकडेच जातात. अनेक नियम लागू होत असल्यास सर्वांत लांब जुळणारे डोमेन ग्राह्य धरतात. डीएनएसमास्कमध्येही डोमेननिहाय सर्व्हर नेमता येतो.

‘~.’ याचा अर्थ उरलेली सर्व नावे. दोन्ही व्हीपीएनना एवढेच नेमून दिले असेल, तर प्रत्येक विचारणा दोन्हीकडे जाते आणि एका कार्यालयातील यंत्रांची नावे दुसऱ्याच्या सर्व्हरला कळतात. काम सुरळीत चालू राहत असल्याने ही गळती सहसा ध्यानात येत नाही. दोन्ही कार्यालयांचे अंतर्गत डोमेन नेमके एकच असेल, तर मात्र अशा नियमांनी त्यांना वेगळे करता येत नाही.